माळ्यावरच्या सीलबंद खोक्यांची विल्हेवाट

मी, येशुदास शांतवन उजागरे, वय वर्षे बाहत्तर, दौंडच्या रेल्वेतून निवृत्त झालेला फिटर, राहणार मिशन कंपाउंडच्या मागे, शिरूर, जिल्हा पुणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने आणि स्वतःच्या शब्दांत लिहून ठेवत आहे. वकील विश्वजीत यांनी एक छापील नमुना दिला होता. त्यात माझ्या रागाला कुठेच जागा नव्हती, म्हणून तो परत केला.

माझे डोके ठिकाणावर आहे, तसा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. काळीज ठिकाणावर नाही, त्याचाही दाखला आहे, आणि त्याच कारणाने हा कागद घाईने करावा लागत आहे. मी कुणाच्या दडपणाखाली नाही. पत्नी राहेल हिचे दडपण लग्नापासून आहे, ते नेहमीचे धरावे.

या कागदाने घराची आणि ठेवींची वाटणी होईल. पण तो मुळात कवठे येमाईच्या हौसराव मुंजाळ याच्यासाठी केला आहे. हौसराव माझा तरुणपणापासूनचा दोस्त होता. त्याने एकदा पाण्याच्या काठावर चार माणसांत मला मान खाली घालायला लावली. त्याचे उत्तर जिवंतपणी द्यायचे राहून गेले. ते मी गेल्यावर त्याला पोचावे, एवढीच माझी इच्छा आहे. बाकीच्यांनी आपापले कलम वाचावे आणि हौसरावचे कलम येईपर्यंत धीर धरावा.

कलम १. शिरूरचे राहते घर राहेलला. तिच्या मागे मुलगी जस्मिन हिला. एकच अट: स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर जी सीलबंद खोकी आहेत, त्यांना कलम ७ पुरे होईपर्यंत कुणी हात लावू नये. राहेलला तो माळा लोणच्याच्या बरण्यांसाठी कधीचा हवा आहे, हे मला ठाऊक आहे. आता थोडीच कळ काढायची आहे.

कलम २. बँकेतल्या ठेवी राहेलला. यावर बोलण्यासारखे काही नाही.

कलम ३. जावई रॉबिन, राहणार कारेगाव. कंपनीत चांगल्या हुद्द्यावर आहे, माणूस निर्व्यसनी आहे, फक्त कॅमेऱ्याचे वेड आहे. दर नाताळला याची नवी लेन्स येते. जुन्या लेन्सचा दोष काय, असे विचारले की "पप्पा, तुम्हाला नाही कळणार" म्हणतो. एकदा मला भिगवणला रोहित पक्षी दाखवायला घेऊन गेला. तिथे याच्यासारखेच आणखी चौघे होते. सगळी सकाळ ते एकमेकांच्या लेन्स हातात घेऊन वजन बघत उभे राहिले. पक्षी आले, चरले आणि उडून गेले. मी एकट्याने ते पाहिले, साध्या डोळ्यांनी, आणि फार छान होते. घरी आल्यावर रॉबिनने जस्मिनला सांगितले की आज उजेड बरोबर नव्हता.

नात स्वीटीचा बाप्तिस्म्यानंतर एकही धड फोटो याच्या हातून निघालेला नाही. म्हणून रॉबिनला मी माझा जवळचे बघण्याचा चष्मा ठेवत आहे. तसेच माझ्या मातीच्या वेळी त्याने कॅमेरा आणू नये. तो उजेडाची वाट बघत बसेल आणि लोक उन्हात ताटकळतील. जे काही फोटो काढायचे ते स्वीटीने मोबाइलवर काढावेत.

या रॉबिनने माझ्या माळ्यावरही डोळा ठेवलेला आहे. "पप्पा, सील फोडलेलं नाही, ऑनलाइन हातोहात जातील," असे तो माझ्यासमोर दोनदा आणि राहेलसमोर पुष्कळदा म्हणाला आहे. रॉबिन, त्यातले एकही खोके तुझे नाही.

कलम ४. पुतण्या केविन चर्चमध्ये कीबोर्ड वाजवतो. वाजवतो म्हणजे बटणे दाबून योग्य आवाज शोधतो, तोवर पाळकसाहेबांचा उपदेश सुरू होतो. जुना कीबोर्ड बरा होता, त्यात आवाज कमी होते, त्यामुळे गीत वेळेवर सुरू व्हायचे. आता नव्यात समुद्राच्या लाटासुद्धा आहेत, आणि त्या त्याने एकदा ऐन प्रार्थनेत सोडल्या. केविनला माझे गीतांचे पुस्तक द्यावे. त्याला बटणे नाहीत. माझ्या मातीला बिनवाद्याचे गावे. राहेलने सूर धरावा.

कलम ५. फिटरकामाची सगळी हत्यारे जस्मिनला. जावयाला नाही, जस्मिनला. पाना कसा धरायचा हे घरात तिलाच येते. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. ती माझ्यावर गेली आहे, तिला दया येणार नाही.

कलम ६. आता हौसराव. हे कलम लांब आहे, पण ते वाचल्याशिवाय सातवे समजणार नाही.

मी दौंडला नोकरीत असताना भीमेच्या काठावर गळ टाकून बसायचो. हौसरावची सासुरवाडी दौंडची. सासरी आला की तो कंटाळून नदीवर यायचा. एकदा माझ्या शेजारी येऊन बसला आणि संध्याकाळपर्यंत बोलत राहिला. मासा काही लागला नाही, कसा लागेल? पण दुसऱ्या वेळी तो आला तेव्हा स्वतःची बांबूची काठी घेऊन आला, आणि आमचे जुळले. पुढे मी शिरूरला परतलो, मग घोडनदी झाली, चिंचणीचे धरण झाले.

दोघांनाही सामानाचा नाद लागला. रॉबिनला हसतो म्हणून मी त्यातून सुटलो असे कुणी समजू नये. पुण्याच्या दुकानात नवे रीळ आले की आधी त्याचा फोन, नाहीतर आधी माझा. तंगुसाचा दोरा किती जाडीचा, रिळात बेअरिंगे किती, काठी किती वाकते, यावर आम्ही इतके बोलायचो की राहेल म्हणायची, पोरीच्या शाळेबद्दल एवढी चौकशी कधी केली नाही तुम्ही. खरे आहे. रोहू आणि मरळ यांना त्या बेअरिंगांशी काही देणेघेणे नव्हते. रोहू कणकेच्या गोळ्यालाही लागायचा, मरळ साध्या गांडुळालाही.

आमचा एक रिवाज होता. नवी काठी किंवा नवे रीळ आले, तर पहिला गळ मालकाने टाकायचा नाही. खोक्याचे सील दुसऱ्याने फोडायचे, दोरा त्याने ओवायचा आणि पहिला गळही त्यानेच टाकायचा. हे हौसरावचे डोके. त्याच्या घरी नव्या औताला पहिला हात पाहुण्याचा असायचा, तेच त्याने नदीवर आणले. तो नारळ फोडायचा, मी देवाचे नाव घ्यायचो. मग दुसरा टाकायचा आणि ज्याची वस्तू तो शेजारी बसून घाम पुसायचा. माझे पहिले भारी रीळ हौसरावने पहिल्याच फेकीत बाभळीत अडकवले. मी शब्द काढला नाही. काढायचा नसतो. आपली नवीकोरी वस्तू दुसऱ्याच्या हाती देऊन गप्प बसायचे, यातच सगळे आले. पहिला मासा मात्र मालकाच्या घरी जायचा.

जस्मिनच्या लग्नाच्या आदल्या वर्षी हौसरावने परदेशी काठी मागवली. रोज फोन. आज निघाली, आज मुंबईला आली, आज पुण्याला आली. ठरलेल्या दिवशी मी शिरूरच्या बाजारातून नारळ घेतला आणि एसटीने चिंचणीला गेलो. पाहतो तर काठावर खुर्च्या मांडलेल्या, आणि मधल्या खुर्चीत साहेबराव. हा साहेबराव दूध सोसायटीच्या निवडणुकीत हौसरावच्या कामाचा माणूस. याने जन्मात कधी गळाला गांडूळ लावले नव्हते. सील त्याने फोडले. पहिला गळ त्याने टाकला. तो पायाजवळ पडला आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

मी म्हटले, जाऊ दे, निवडणूक आहे. काठी कशी आहे ते बघावे म्हणून नुसता हात पुढे केला. तर हौसराव सगळ्यांदेखत मला म्हणाला, "येश्या, हात नको लावू. कार्बनची हाय. तुझ्या बांबूवानी न्हाई ती."

लोक हसले. साहेबराव तर पोट धरून हसला. मी नारळाची पिशवी तिथेच ठेवली आणि परत एसटी धरली. निवडणूक हौसराव हरला, हे कळल्यावर मी पेढे आणले होते. राहेलने खाल्ले नाहीत.

त्यानंतर तो एकदा दारापर्यंत आला होता. राहेलने त्याला चहा दिला. "वहिनी, एवढ्या तेवढ्यावरून माणूस बोलायचा बंद व्हतो का?" असे तो ओट्यावरून मोठ्याने म्हणाला, मला ऐकू जावे म्हणून. माफीचा शब्द त्यात नव्हता. मी आतल्या खोलीत होतो आणि तिथेच राहिलो. त्याचे मला अजिबात वाईट वाटत नाही.

त्या वर्षापासून मी सामान घ्यायला लागलो. हौसरावकडे जे असेल त्याच्यापेक्षा सरस. जपानी रीळ, तीन तुकड्यांची काठी, कार्बनची तर बोलायलाच नको, तीच जास्त. कुरिअरवाला आला की राहेल सही करते आणि खोके माळ्यावर जाते. एकाचेही सील मी फोडलेले नाही. अजूनही नदीवर जातो तो जुनी बांबूची काठी घेऊनच. राहेलने एकदा शिडी धरून विचारले, "अहो, उघडायचं नव्हतं तर घेतलं कशाला?" त्याचे उत्तर इथे देतो. सील मी कसे फोडणार? पहिला गळ माझा नव्हता.

कलम ७. माळ्यावरची सर्व खोकी, काठ्या, रिळे, दोरे आणि गळांसह, मी कवठे येमाईच्या हौसराव मुंजाळ याला देत आहे. ती त्याला पुढील अटींवर मिळतील.

(अ) जस्मिनने खोकी चिंचणीच्या धरणावर न्यावीत, आमच्या बाभळीखाली. हौसरावच्या घरी पोचवू नयेत. तिकडे तो चहा पाजून सुटून जाईल.

(आ) प्रत्येक खोक्याचे सील हौसरावने स्वतःच्या हाताने फोडावे, दोरा ओवावा आणि पहिला गळ टाकावा. एकही खोके वगळू नये. त्याला दिवस पुरला नाही तर दुसऱ्या दिवशी बोलवावे.

(इ) प्रत्येक काठीला त्याने हात लावण्याआधी जस्मिनने त्याच्याकडे बघून स्पष्ट म्हणावे: "हौसरावकाका, हात लावा. कार्बनची आहे." बांबूच्या काठीच्या वेळीही म्हणावे. ती काठीही त्यालाच.

(ई) त्याच्या शेजारी माझी घडीची खुर्ची मांडावी आणि तिच्यावर कुणाला बसू देऊ नये. खुर्चीवर नारळ ठेवावा. तो त्याने फोडावा. देवाचे नाव घ्यायला मी नसेन, ते त्याने स्वतः घ्यावे.

(उ) हौसराव बोलत सुटेल. त्याला गप्प बसून गळ टाकता येत नाही. जस्मिनने त्याच्या एकाही वाक्याला हूंसुद्धा म्हणू नये. रडला तर रडू द्यावे. रुमाल देऊ नये. बाभळीत गळ अडकला तर शब्द काढू नये, तेवढा रिवाज पाळावा.

(ऊ) साहेबराव त्या दिवशी धरणाच्या आसपास दिसता कामा नये.

(ए) हौसरावने यातली एकही अट नाकारली, तर सगळी खोकी साहेबरावला भेट द्यावीत आणि तसे हौसरावला कळवावे. मग रॉबिनने पाहिजे तर त्या साहेबरावकडून विकत घ्यावीत आणि दोघांनी मिळून उजेडाची वाट बघावी.

(ऐ) मासा लागलाच, तर पहिला मालकाच्या घरी जातो. तो राहेलकडे आणावा. तिने कालवण करावे आणि हौसरावला माझ्या जागी बसवून वाढावे. त्याला ते गिळणार नाही. गिळेपर्यंत उठू देऊ नये.

हा मसुदा राहेलने वाचला आहे. वाचून तिने कागद माझ्या पुढ्यात ठेवला. मग म्हणाली, "यापेक्षा भाऊजींना आत्ताच फोन लावा ना. माणूस जिवंत आहे, तुम्ही जिवंत आहात. खोकी खाली मी काढते." आणि खरोखरच शिडी आणायला गेली. मी तिला थांबवले.

फोन मी लावणार नाही, हेही इथे नोंदवून ठेवतो. मी त्याला ओळखतो. फोन उचलून तो आधी शिव्या देईल, मग रडेल, मग माफी मागेल आणि तासाभरात जीप घेऊन दारात उभा राहील. मग मला खोकी उघडावी लागतील. तो एकेक सील फोडील आणि मी शेजारी बसून घाम पुशीन. त्यात त्याला शिक्षा कसली? त्याला ती खोकी एकट्याने उघडावी लागली पाहिजेत. मी इतकी वर्षे ती एकट्याने बंद ठेवली आहेत.

वरील मजकूर मी वाचून पाहिला, तो माझ्या मनासारखा आहे. यापूर्वी मी दुसरे मृत्युपत्र केलेले नाही आणि यात आता बदल करण्याचा माझा विचार नाही. खालील दोन साक्षीदारांना यातून काही मिळणार नाही, हे त्यांना सांगितले आहे, तरी त्यांनी माझ्यासमोर सही केली, याबद्दल त्यांचा आभारी आहे.

सही: येशुदास शांतवन उजागरे

साक्षीदार:
१. सुदर्शन रणपिसे, राहणार शिरूर (सही)
२. सिंधूबाई शेलार, राहणार शिरूर (सही)

ठिकाण: शिरूर
दिनांक: ६ जानेवारी २०२५

सह्या झाल्यावर आठवले ते, माझ्याच हातचे: नारळ शिरूरच्या बाजारातून घ्यावा. मागचा तिथलाच होता. तो त्याने फोडला होता का, एवढे जस्मिनने त्याला विचारावे, आणि मला येऊन सांगावे. मी कुठे आहे ते तिला माहीत असेल.