ओटीचे तांदूळ

१२ जानेवारी, रविवार

आलो एकदाचे! हेंद्रेपाड्याच्या पुढे, शेतं सुरू होतात तिथली चार मजली इमारत, तिसरा मजला. उल्हासनगरला नऊ वर्षं भाड्याच्या दोन खोल्यांत काढली. खाली जीन्स शिवायची मशिनं दिवसभर कडकडायची आणि आम्ही एकमेकांशी ओरडून बोलायचो. रूपेश इथेही सवयीने ओरडून चहा मागतो, आणि मग आम्ही दोघं हसतो.

घर घेताना मी यादी केली होती. पाणी किती वेळ येतं, पुरात नदी कुठवर चढते, राहीची शाळा, दवाखाना, रूपेशला आनंदनगरच्या कंपनीत पोचायला किती वेळ लागेल. तो म्हणायचा, मुलगी द्यायची असली तरी कोणी एवढी चौकशी करत नाही. धाकट्या बहिणीने, रुचिकाने मात्र यादी उतरवून घेतली, कारण तीही घर शोधतेय. तिचा करण आत्ता कुठे आठ महिन्यांचा झालाय.

यादीत पहिलं कलम होतं शेजार. त्याची हमी रंजनाने घेतली. दहावीपर्यंत आम्ही एका बाकावर बसलो, आता ती आमच्याच डोक्यावर चौथ्या मजल्यावर राहते. हे घर तिनेच सुचवलं. म्हणाली होती, शेजार तर विचारूच नकोस.

१५ जानेवारी

काल संक्रांत. इमारतीतल्या अकरा जणी ओटी भरायला आल्या! उल्हासनगरला नऊ वर्षांत एकीनेही भरली नव्हती. प्रत्येकीने तांदूळ आपापल्या घरून वाटीत आणले होते. कोणाचा कोलम, कोणाचा रेशनचा जाडा. पदर फाटतो की काय एवढी ओटी जड झाली.

एकच खटकलं. चहाला कोणी थांबेना. ओटी भरली की वळायचं आणि मागे न बघता जिना गाठायचा. इकडची पद्धत असेल. रंजनाचे डोळे भरून आले होते. आहेच ती हळवी.

१६ जानेवारी

ओटीचे तांदूळ कोणाला देऊ नयेत, घरातच शिजवावेत, ही आईची शिकवण. रुचिका आणि मी अजून पाळतो. शाळेत रंजना यावरून मला काकूबाई म्हणायची. आज सगळ्याचा नारळीभात केला. रूपेशला गोड भात आवडत नाही, मी चमचाभर चाखला. राहीने तीनदा मागून खाल्ला. पाच वर्षांची पोर, पण जेवायला पैलवान.

२३ जानेवारी

दुपारी दोनच्या सुमारास कोणीतरी सुपात धान्य पाखडतं. फट् फट्, मग थोडं थांबून पुन्हा. हल्ली पाखडतं कोण? मला तर बरंच वाटलं ऐकून. कुठल्या घरातून येतो आवाज ते मात्र कळेना. वर गेलं की खालून येतो, खाली गेलं की वरून.

राहीच्या अंथरुणात भाताचं तूस सापडलं. शेतात खेळून आली असणार.

२९ जानेवारी

राही जेवत नाही. पोट भरलंय म्हणते, दुपारी आजीने पेज दिली म्हणते. कुठली आजी? माझी सासू साताऱ्याला, आई जाऊन चार वर्षं झाली. वजन दोन किलो उतरलंय. डॉक्टर म्हणाले, रिपोर्ट स्वच्छ आहेत.

वेणी घालताना केसांतून तूस निघालं. आज ती घराबाहेर पडलीच नव्हती.

मागच्या दिवाळीत रंजनाचा सोहम काठीसारखा झाला होता. आता गाल वर आलेत. काय औषध केलंस विचारलं, तर म्हणाली, हवा मानवली. आणि दार लावून घेतलं.

४ फेब्रुवारी

भांडी घासायला मागच्या पाड्यावरून बनूबाई येते. दुपारी ये म्हटलं की नको म्हणते. आज कारण विचारलं. म्हणाली, "बाय, ह्ये रखमाबायचं खलं हाय. ती आजून हितंच हाय."

इमारत उभी आहे तिथे रखमाबाईचं भात झोडायचं खळं होतं. इमारतीच्या पायासाठी खणलेल्या, पाणी साचलेल्या खड्ड्यात तिची नात बुडाली. म्हातारी खळ्यावर बसून नातीच्या पेजेसाठी भात पाखडत राहिली. बसल्या जागीच मेली. तेव्हापासून इमारतीतलं एक मूल तिला लागतं. तिची पेज प्यालेलं मूल घरचं खात नाही.

मग बनूबाईने विचारलं, ओटीच्या तांदळाचं काय केलंत? शिजवले म्हटल्यावर तिने हातातलं भांडं खाली ठेवलं आणि सांगून टाकलं. त्या अकरा जणींनी मूठ-मूठ तांदूळ आधी आपापल्या पोरांवरून उतरवले होते. उतारा होता तो. माझ्या पदरात टाकला, आणि मी वर गूळ घातला.

५ फेब्रुवारी

रंजनाकडे गेले. तिने नाकारलंही नाही. रडत होती, पण सोहमला पाठीमागे धरून. म्हणाली, परकी बाई हल्ली ओटीचे तांदूळ देवळात टाकून मोकळी होते. तू शिजवशील हे मला माहीत होतं.

म्हणून मला बोलावलं. माझी यादी ऐकून घेतली, माझ्या राहीचा वाढदिवस जेवली, आणि मग. एका डब्यात जेवलो गं आपण दहा वर्षं! असा दगा वैऱ्यानेही करू नये.

खाल्लेलं परत करता येत नाही म्हणे. दुसरी नवी बाई हवी. तिनेही शिजवायला हवेत.

मी असलं करणार नाही. मी रंजना नाही.

८ फेब्रुवारी

दोन दिवस उल्हासनगरला रुचिकाकडे राहिलो. शेजारी मशिनं चालू असताना — त्यांच्यावरून — फट् फट्. राहीला ऐकू आलं. हसली.

परत आलो.

११ फेब्रुवारी

राहीला आज एका हाताने उचललं. रूपेश भिंतीकडे तोंड करून रडतो. बनूबाई येईनाशी झाली.

राही म्हणते, आजी म्हणाली आता थोडेच दिवस, मग मी तिच्या —

पुढचं ऐकलं नाही. तोंड दाबलं तिचं.

१२ फेब्रुवारी

समोरचं घर विकायला निघालंय. कोलम धुऊन वाळत घातला. नुसता घातलाय. अजून काही केलेलं —

दोन वाजले. फट् फट्. राही सुपाकडे तोंड वळवते आणि सूप तर दिसत नाही —

मूठभर घेतले. तिच्यावरून — एक — दोन —

फोन. रुचिका. मागे करण हसतोय. तिला समोरच्या घराचं कळलंय. विचारते, ताई, तुझ्या यादीतलं पहिलं कलम सांग, तिकडे वस्ती कशी आहे गं?

मूठ अजून मिटलेलीच आहे.

म्हटलं, ये ना. शेजार तर —