आत्याच्या गाडीच्या बॉनेटला आलेलं टेंगूळ

तीर्थस्वरूप आत्यास,

शिरसाष्टांग नमस्कार. (हा नमस्कार नेहमीपेक्षा जरा लांब घातला आहे असं समज. मी अजून उठलेलो नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? लेकीकडचा जिना झेपतो का? गोळ्या जेवणानंतरच घेतेस ना? इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत. सगळे म्हणजे मी आणि ही. गाडीबद्दल खाली सविस्तर लिहितो. फोनवरच सांगणार होतो, पण फोनवर तू मला दुसऱ्या वाक्याच्या पुढे जाऊ देत नाहीस, आणि ही हकीकत दुसऱ्या वाक्याला थांबली तर फार वाईट वाटते. तेव्हा पत्र बसून वाच आणि शक्यतो शेवटपर्यंत वाच.

तीन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी तुझं गाडी चालवणं बंद केलं, तेव्हा तू तुझी ती लाल, उघड्या टपाची, दोन सीटची गाडी माझ्या हवाली केलीस. किल्ली हातात ठेवताना एवढंच म्हणालीस, "तेल बदल, टायर बदल, बाकी कशाला हात लावू नकोस." ते मी विसरलेलो नाही. औषधाच्या दुकानात बसणारा माणूस मी. आपल्या मनाने डोस वाढवू नका, हे दिवसातून चाळीस वेळा लोकांना बजावतो. पण गेल्या वर्षाअखेरीस गाडी काळा धूर सोडायला लागली आणि तिच्यातला दम गेला. आमच्या घराकडचा चढ तुला माहीत आहे. त्या चढावर एकदा ही म्हणाली, "तुम्ही या सावकाश, मी चालत पुढे होते." मी घरी पोचलो तेव्हा हिचा चहा पिऊन, कप विसळून झाला होता.

म्हणून गाडी तुझ्याच जुन्या मिस्त्रींकडे नेली. त्यांचं गॅरेज अजून तसंच आहे, टायरवाल्याच्या मागची पत्र्याची शेड, भिंतीवर प्रत्येक पान्याची आकृती रंगवलेली आणि त्या आकृतीवर भलताच पाना टांगलेला. त्यांनी स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनाला टेकवलं, मुठीला कान लावला आणि डोळे मिटले. मग म्हणाले, "ब्लॉकला तडा गेलाय." म्हणजे इंजिनच बदलायचं, पण तसलं इंजिन महिनाभर शोधून कुठेच मिळालं नाही. शेवटी त्यांनी कोपऱ्यातली ताडपत्री उचलली. खाली एका मोठ्या गाडीचं इंजिन होतं. (ती गाडी मागून ठोकली गेली होती, पुढचा भाग शाबूत. हे मी मुद्दाम विचारून घेतलं.) तुझ्या इंजिनाला चार सिलिंडर, याला सहा. ताकद जवळजवळ तिप्पट. मी विचारलं, हे एवढं धूड यात बसणार कसं? त्यांनी खिशातून सुतळी काढून इंजिन मोजलं, मग गाडी मोजली आणि म्हणाले, "बसेल."

आत्या, त्या माणसाकडे एकूण दोनच शब्द आहेत, "बसेल" आणि "बघू". पैकी "बघू" हा शब्द इंजिन साखळीला लटकत अर्धं आत गेल्यावर बाहेर आला. रेडिएटर पुढे सरकवावा लागला. इंजिन आणि पाय यांच्या मधला पत्रा ठोकून मागे घ्यावा लागला. (आता चालवताना उजवा गुडघा जरा वाकडा ठेवावा लागतो, सवय होते.) एवढं करून बॉनेट चार बोटं उघडंच. ते कापायचं ठरलं. ज्या बॉनेटवर बसून तू तो फोटो काढून घेतला होतास, तेच हे बॉनेट. त्याचं एक टोक मी धरलं होतं. कापलेला तुकडा फरशीवर पडला तेव्हा जो आवाज झाला, तो ऐकून मी खिशातल्या पित्ताच्या दोन गोळ्या पाण्याशिवाय गिळल्या. आता त्या जागी पत्र्याचं टेंगूळ आहे. रंग तोच लाल दिला आहे. लांबून बघितलं तर वाटतं, कुणीतरी गाडीला आतून ठोसा मारला.

मग कळलं की नाकापेक्षा मोती जड. इंजिनाच्या वजनाने गाडीचं तोंड खाली गेलं, म्हणून पुढच्या स्प्रिंगा बदलल्या. पळणार जास्त तर थांबायलाही हवं, म्हणून ब्रेक बदलले. मग जुन्या गिअरबॉक्सचे दात या ताकदीपुढे टिकणार नाहीत असं निघालं, म्हणून तोही. थोडक्यात सांगायचं तर तुझ्या गाडीत आता तुझं स्टिअरिंग, तुझ्या सीट आणि तुझा आरसा उरला आहे. चार महिने मला धड झोप नाही. दुकानात एकीने विचारलं, हे औषध लहान मुलाला चालेल का, तर मी "बसेल" म्हणालो. बाई औषध न घेता निघून गेली.

मागच्या रविवारी सकाळी गाडी पहिल्यांदा रस्त्यावर काढली. शेजारी ही बसली. (मी नको म्हणत होतो. आयुर्विमा माझा एकट्याचाच आहे, निदान हिने तरी मागे राहावं, असा माझा हिशेब होता.) चढाच्या पायथ्याशी मी जुन्या सवयीने अॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबला. पुढचं मला तुकड्या-तुकड्यानेच आठवतं. लाँड्रीवाला, न्हावी आणि आमचं घर या क्रमाने मागे गेले. न्हाव्याने वस्तरा हवेत धरला होता, एवढं स्पष्ट दिसलं. ब्रेक होते, चांगले होते, पण ते दाबायचं धाडस होईना. असा मी थेट टेकडी ओलांडून पलीकडच्या चौकापर्यंत गेलो आणि लाल दिव्यामुळे थांबलो. ही हसत होती. लग्नाला एकवीस वर्षं झाली, इतकं हसताना मी हिला पाहिलं नव्हतं. मला आधी वाटलं, धक्का बसला असेल. नाडी बघितली तर माझीच जास्त होती.

चौकातल्या पोलिसाने बाजूला घेतलं. अतिशय सभ्य माणूस. त्याने बॉनेट उघडायला लावलं, आत बघितलं, मग आपल्या दोन सहकाऱ्यांना बोलावून त्यांनाही दाखवलं. त्याने काही कागद दिले. त्याबद्दल विशेष लिहिण्यासारखं नाही.

तर आत्या, तू सांगितलंस हात लावू नकोस, आणि मी हात लावला नाही अशी गाडीत एकही जागा ठेवली नाही. तुझं जुनं इंजिन मात्र भंगारात दिलेलं नाही. आमच्या न्हाणीघराबाहेर ठेवलं आहे, खाली परात ठेवून. तू एका शब्दाने म्हणालीस तर मी सगळं होतं तसं करून देईन. (होईल की नाही माहीत नाही. मिस्त्री "बघू" म्हणाले.) रागावलीस तरी गोळ्या चुकवू नकोस.

तुझा अपराधी भाचा

ता. क. त्या कागदांबद्दल जरा लिहायला हवं. गाडीच्या नोंदणी पुस्तकातला इंजिन नंबर आणि गाडीतला नंबर जुळत नाही, आणि पुस्तक अजून तुझ्याच नावावर आहे. येत्या अठरा तारखेला सकाळी अकरा वाजता तपासणी अधिकाऱ्यासमोर मालकाने जातीने हजर राहून, हा बदल माझ्या संमतीने झाला, असं सांगायचं आहे. तू येशील का? रागावूनच आलीस तरी चालेल, फक्त अधिकाऱ्यासमोर रागावू नकोस.

दुसरा ता. क. पाकीट बंद करण्याआधी, काही तांत्रिक चूक नको म्हणून मिस्त्रींना पत्र वाचून दाखवलं. त्यांनी शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, "मी बॉनेट कापायच्या आधी आत्याबाईंना फोन केला होता की. मोठंच बसवा म्हणाल्या. आणि भाच्याला सांगू नका, घाबरेल." मी म्हटलं, पण मला तर हात लावू नकोस म्हणाली होती. तर ते म्हणाले, "तुम्हाला म्हणाल्या, मला नाही." चार महिन्यांत तो माणूस एका वेळी एवढं कधी बोलला नव्हता. आत्या, माझी चार महिन्यांची झोप कुणाकडे मागू? पत्र तरीही पाठवत आहे, लिहायला तीन दिवस लागले आहेत.

तिसरा ता. क. अठराला ये, पण डॉक्टरांचं लक्षात ठेव. चालवायला मागू नकोस. गाडीची किल्ली मी दुकानातल्या विषारी औषधांच्या कपाटात कुलूप लावून ठेवली आहे. त्या कुलपाची किल्ली हिच्याकडे सुरक्षित आहे. आत्ता ही म्हणते, तुम्हा दोघींचं कालच ठरलंय, तपासणी झाली की घरी परत येताना चढावर तू चालवणार, शेजारी ही बसणार आणि मी रिक्षाने यायचं.