पाचच्या सुमारास

८ ऑगस्ट १९३१
पिएदादबाई आज मला शिकवता शिकवता पोट धरून हसल्या. "सकाळी केव्हा उठतेस?" असं त्यांनी पोर्तुगीजमध्ये विचारलं, तर मी म्हटलं — पाच वाजून बावीस मिनिटांनी! मेल तेव्हाच जाते की. लोणावळ्यात घड्याळ हवंय कुणाला?
"आगो, असो इश्टेशनमास्तर बोलता, बायको न्हय! 'पोर व्होल्ता' म्हण. सुमारास." स्वतः गोव्याच्या गार्डाची विधवा, आणि मिनिटांना हसतात!

१० ऑगस्ट
पाचच्या सुमारास उठते. सहाच्या सुमारास पाणी भरते. दहाच्या सुमारास शाळेत शिकवायला जाते. वहीभर लिहिलं, मोठ्याने म्हटलं. सासूबाई चुलीपुढून, "रोज त्येच करतीस, मग बोलून कशापायी दावायचं?"
म्हटलं, यांच्याकडे आफ्रिकेत गेले की शेजारणींशी हेच बोलावं लागेल.
"त्यो न्यायला यील तवा बोल."
लागलं मला.

१९ ऑगस्ट
दीड वर्ष झालं. घाटात विजेची इंजिनं आली, शेडमधले फिटर रिकामे झाले आणि हे आफ्रिकेतल्या पोर्तुगीज मुलखात, लोरेन्सो मार्किशच्या रेल्वेत गेले. तिथे वाफेची इंजिनं अजून आहेत. पत्रं येतात, चार ओळींची — खुशाल आहे, इथली भाषा आल्याशिवाय बायकांचे हाल होतात, घाई नको.
म्हणून तर शिकतेय! भाषा आली की यांना 'नाही' म्हणायला कारणच उरणार नाही. मला तिकडे जायचंय. एवढं साधं आहे.

२७ ऑगस्ट
पत्र टाकलं! सगळं पोर्तुगीजमध्ये. फक्त माझा दिवस, उठल्यापासून निजेपर्यंत. शेवटी विचारलं, तिथला दिवस कसा जातो?
पिएदादबाई म्हणाल्या, वर 'प्रिय' लिही आणि नवऱ्याचं नाव लिही. छे! लग्नातल्या उखाण्यानंतर तोंडाने घेतलं नाही, ते कागदावर कसं घेऊ? मायना लिहिलाच नाही. खाली नुसतं 'रतन'. पाकिटावर यांचं नाव आणि पत्ता त्यांनीच घातला. किती वेळ मान हलवत होत्या.

११ सप्टेंबर
वर्गात मुलींना वेळ सांगताना 'पोर व्होल्ता' तोंडून निघून गेलं. एकटीच हसले.

३ ऑक्टोबर
पत्र मिळालं असेल. वाचून चकित झाले असतील! सासूबाईंनी आज आपणहून विचारलं, "तितं थंडी असती का गं?" ट्रंक काढून उन्हात ठेवली.

२२ ऑक्टोबर
उत्तर आलं. पोर्तुगीजमध्ये. अक्षर यांचं नाही, बाईचं आहे. पिएदादबाईंकडे नेलं नाही. वाक्यं सोपी आहेत, सगळी कळली. मराठीत उतरवून ठेवते.
"बजरंग सहाच्या सुमारास उठतो. सातच्या सुमारास कामावर जातो. एकच्या सुमारास घरी जेवायला येतो, तेव्हा बाळ जागं असतं. तुमच्या भाषेतली पत्रं मला कधीच वाचता आली नाहीत, हे पहिलंच वाचता आलं. फार आनंद झाला. 'माझी बहीण शाळेत शिकवते,' असं तो नेहमी सांगतो. बाळाला त्याची आत्या केव्हा भेटणार?"