वालाचा ॲम्प्लिफायर

धसई, ३ फेब्रुवारी २०२४

चि. नरेंद्र भाऊजींस गीतावहिनीचा सप्रेम जय भीम. वि. वि.

हे होते तेव्हा सकाळी अंगणाचा एक कोपरा झाडून झाला तरी तुमच्या दादांचा ॲम्प्लिफायर बोलायचा नाही. तो असाच होता. बटण दाबलं की आधी आतले काचेचे दिवे तांबडे व्हायचे, मग सावकाश गाणं यायचं. तेवढ्यात हे बंब पेटवायचे. आज झाडताना त्या सकाळी उगाच आठवल्या.

ते जाऊन आठ महिने झाले. मी रोज बटण दाबते. कॅसेट लावत नाही, नुसते दिवे दिवसभर ठेवते. घरात कोणी आहेसं वाटतं. सोमवारी दिवे लागलेच नाहीत.

फोनवर तुम्ही म्हणालात, वाल मिळाले तर दुरुस्त होईल, पण कल्याणात वाल मिळत नाय. मग फोन तुटला. वाल मिळत नाहीत, कसलं ते शहर! आपल्या शेतातले दोन पायली जगन जीपवाल्याबरोबर पाठवते. दुरुस्तीवाल्याला द्या.

सौ. संध्याला आशीर्वाद. माया आहे तशी राहू द्या.

तुमची,
गीतावहिनी

शहापूर, ९ फेब्रुवारी

ती. वहिनींस नरेंद्रचा जय भीम.

वाल पोचले. संध्याने बिरडं केलं. आमी सगळे जेवलो, मगच मी खरं सांगितलं. दुरुस्तीवाल्याचे वाल म्हणजे व्हॉल्व्ह, ते काचेचे दिवे! संध्याला हसून ठसका लागला. कडधान्यावर ॲम्प्लिफायर चालवणारी वहिनी तालुक्यात एकच.

आता रागावू नका. तो दादाने स्वतः जोडलेला, आवाजही गोड. पण आत तीन-चारशे व्होल्ट असतात, बंद केल्यावरही झटका बसतो, आणि तुम्ही एकट्या. म्हणून त्याच्या जागी ट्रान्झिस्टरचा नवा पाठवतोय. फारसा तापत नाही, बटण दाबलं की लगेच आवाज. जगन जोडून देईल.

दादाला काय वाटलं असतं, म्हणाल. वहिनी, शेवटची सहा वर्षं दादाला गाण्यातलं बारीक काही ऐकू येत नव्हतं. वालाचा आणि ट्रान्झिस्टरचा, दोन्हींच्या आवाजातला फरक कळत नव्हता. मी विचारलं, मग हा जड डबा कशाला? म्हणाला, गीताला झाडताना आवडतो रे, तिला सांगू नको.

चुकलं असेल तर कान धरा, पण अबोला नको.

तुमचा,
नरेंद्र

धसई, १६ फेब्रुवारी

चि. नरेंद्र भाऊजींस जय भीम.

पत्र दोनदा वाचलं. मी अक्षरं जुळवत वाचते, त्यामुळे राग यायलाही वेळ लागतो. मला वाटायचं, गाणं हा त्यांचा शौक. त्यांना खरखर नको म्हणून मी झाडू हळू मारायची. आणि ते म्हणे माझ्यासाठी लावायचे! दोघांतल्या एकाने तरी विचारायचं की नाही?

जुना जगनबरोबर पाठवते. काचेचे वाल मिळाले तर लावा, नाही तर तुमच्याकडेच राहू दे. रोज त्याच्यापुढे बसून मी दमले, भाऊजी.

अबोला कसला? बिरडं उरलं असेल तर जीपवाल्याकडे द्या. आणि पत्र लिहीत जा.

तुमची,
गीतावहिनी

ता. क. नवा कसा आहे विचाराल. मला काय कळणार, मी गाणं कधी बसून ऐकलंच नव्हतं. बुधवारी जगनने जोडून दिला, त्या दिवशी मी हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी लावला, आणि भात करपेपर्यंत ऐकत बसले.