पुठ्ठ्याच्या घरातला उजेड

प्रिय छोट्या,

चाळिशी उलटलेल्या, पोट सुटलेल्या माणसाला 'छोट्या' म्हणायचं म्हणजे जरा अवघडच, पण घरात तुला दुसऱ्या नावाने कुणी ओळखत नाही. फोन हाताशी असताना हा दादा पत्र कशाला लिहितोय, असं तुला वाटेल. फोनवर तू सापडत नाहीस, हे एक कारण. दुसरं सावकाश सांगतो.

आधी तुझ्या गाडीविषयी. तिची कहाणी मला आता पाठ आहे. बुकिंग उघडलं त्या सकाळी तू आमच्या जेवणाच्या टेबलावर तीन फोन मांडून बसला होतास. एक तुझा, एक माझा, एक तुझ्या वहिनीचा. स्क्रीनवर चक्र फिरतंय तोवर कुणी हात लावायचा नाही, अशी ताकीद होती. देशभरातली माणसं एकाच वेळी त्या इलेक्ट्रिक पिकअपवर तुटून पडली होती आणि नंबर लागला तो वहिनीच्या फोनवर. ती 'बरं झालं' म्हणून कपडे वाळत घालायला गेली. तू मात्र शाळेत पहिला आल्यासारखा आईच्या खोलीत धावलास. आईने विचारलं, "काय रे, बढती मिळाली का?" तू विमा विकतोस. विम्याचे कागद वाहायला मागे हौदा असलेली गाडी कशाला लागते, हे मी विचारलं नाही. विचारलं असतं तर तू समजावून सांगितलं असतंस.

पुढे दीड वर्ष तू वाट पाहिलीस. कंपनी तारीख पुढे ढकलायची आणि तू कंपनीचीच बाजू घ्यायचास. "मागणीच तेवढी आहे, दादा." आईला डॉक्टरकडे न्यायची तुझी पाळी दोनदा चुकली, कंपनीची तारीख एकदाही नाही. शेवटी गाडी आली. आपल्या गल्लीत वळताना तिने फळवाल्याची छत्री तिरकी केली आणि लोकांनी तिचेच फोटो काढले. छत्रीचे नाही, गाडीचे. त्या हौद्यात आजवर तू एक घडीची खुर्ची आणि गाडी पुसायची फडकी वाहिली आहेस. एकदा वहिनीने जुनं कपाट न्यायला मागितली, तर म्हणालास, "वहिनी, रंगाला ओरखडा पडेल."

तुझ्या इमारतीच्या कमिटीने चार्जिंगला परवानगी नाकारली, म्हणून गाडी आपल्या अंगणात राहायला आली. गाडी मोठी आणि अंगण लहान, तेव्हा कुणाला तरी हलावं लागणार होतं. जनरेटर हलला. आईच्या फुप्फुसांनी हात टेकले, ऑक्सिजनचं मशीन रात्रंदिवस चालू झालं, तेव्हा आणलेला जनरेटर. तू नाक मुरडून म्हणालास, "हा काळा डबा धूर ओकतो, आईलाच त्रास. गाडी असताना याचं काम काय? लाइट गेली की गाडीतून एक वायर ओढायची, अख्खं घर चालतं." मग आईच्या पलंगावर बसून तू तिला फोनवर कंपनीचा व्हिडिओ दाखवलास. तिला बॅटरी कळली नाही, तू कळलास. "छोट्या आहे, आता लाइटची भीती नाही," असं ती म्हणाली आणि त्या दिवशी दोन घास जास्त जेवली. वहिनीने दारातून विचारलं, "आणि गाडी बाहेर असेल तेव्हा?" तू हसलास. "तुम्हाला विचारल्याशिवाय मी ती हलवणार आहे का?" आठवड्याभरात जनरेटर समोरच्या झेरॉक्सवाल्याने नेला.

लाइट गेली त्या दिवशी सकाळी तू गाडी धुतलीस, टायरसुद्धा चमकवलेस. वहिनीने विचारलं, कुठे? "जरा जाऊन आलो." हे तुझं विचारणं. दुपारी वीज केंद्रात काहीतरी जळालं आणि अर्धं शहर बंद पडलं. मशीन बोंबलायला लागलं. आपला इन्व्हर्टर पंखे आणि दिवे ओढतो, मशीन त्याला झेपत नाही. दवाखान्यात जाता-येता लागणारा लहान सिलिंडर लावला आणि मी तुला फोन करत सुटलो. तुझा फोन वाजत राहिला. अँब्युलन्सला फोन केला, तर तो माणूस म्हणाला, "सिग्नल बंद आहेत, काका, जागचं काही हलत नाहीये." सिलिंडरचा काटा तळाला आला. आईचे ओठ निळे पडायला लागले होते आणि ती मला काही सांगत होती. मला ते कळत नव्हतं, कारण मी तुझा नंबर लावत होतो.

वहिनी म्हणाली, "फोन ठेवा आता. झेरॉक्सवाल्याकडे चला." मी आणि शेजारचा शिंपी यांनी आईला खुर्चीसकट उचललं, वहिनी मशीन ओढत मागे. दुकानात कॉलेजच्या पोरांची रांग होती. झेरॉक्सवाल्याने एक शब्द न विचारता दोन्ही मशिनं बंद केली, पोरांचे अर्धवट कागद त्यांच्या हातात कोंबले आणि आईची वायर लावली. मी आभार मानायला लागलो तर म्हणाला, "काका, तुमचाच जनरेटर आहे, लाजता काय?" शाईच्या आणि डिझेलच्या वासात, कागदांच्या गठ्ठ्यांमध्ये आपली आई श्वास घेत बसली, अँब्युलन्स येईपर्यंत. तोंडाला मास्क आणि मागे भिंतीवर पाटी: 'कलर कॉपी मिळेल.'

संध्याकाळी दवाखान्याच्या व्हरांड्यात फोन वाजला. तू व्हिडिओ पाठवला होतास. कुठल्याशा मैदानावर कंपनीने पहिल्या मालकांचा मेळावा भरवला होता आणि एक पुठ्ठ्याचं घर उभं केलं होतं. आत फ्रिज, टीव्ही, मिक्सर, टेबलावर दिवा, आणि सगळं तुझ्या गाडीवर चालू. तू कंपनीची टोपी घालून, त्या मिक्सरमधला ज्यूस हातात धरून सांगत होतास, "लाइट गेली तरी माझ्या घरात अंधार होत नाही." लोक टाळ्या वाजवत होते. खाली लिहिलं होतंस, 'बिझी होतो, काय झालं होतं?' वहिनीने व्हिडिओ शेवटपर्यंत पाहिला आणि म्हणाली, "घर छान आहे. आत कुणी राहत नाही, एवढंच."

तू दुसऱ्या दिवशी आलास, काचेतून पाहिलंस. आई झोपेत होती. "मला काय माहीत लाइट जाणार आहे," म्हणालास आणि पार्किंगची वेळ संपते म्हणून निघालास. त्यानंतर तू फिरकला नाहीस, गाडीही नाही. चार्ज कुठे करतोस कोण जाणे.

आई परवा घरी आली. तिला त्या दुपारचं फारसं काही आठवत नाही. मशीन बंद पडलं, अंधारी आली, मग कुठेतरी घरघर सुरू झाली आणि श्वास परत आला, एवढंच. ती घरघर तुझ्या गाडीची, असं तिने ठरवून टाकलं आहे. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगते, "धाकट्याने वाचवलं. गाडीचा आवाज मेला फारच आहे, पण कामाची आहे." तुझ्या गाडीला आवाजच नाही, हे तिला कोण सांगणार? वहिनी सांगायला निघाली होती, मी अडवलं. तब्येतीला धक्का बसेल, असं मी तिला कारण दिलं. खरं कारण निराळं आहे. इतकी वर्षं तिच्या गोळ्या मी मोजून देतो, तिची उशी वहिनी सारखी करते. तुझं नाव घेताना तिचा चेहरा जसा होतो, तसा आमच्यामुळे कधी झालेला आम्ही पाहिला नाही. तो पुसून टाकायला हात धजावला नाही.

काल तिने मला जवळ बसवलं आणि म्हणाली, "छोट्याला चार ओळी लिही. फोनवर तो हो हो करून ठेवून देतो, लिहिलेलं तरी वाचेल. म्हणावं, तू होतास म्हणून मी आहे. कुणी आभार मानले की लाजतो रे तो, म्हणून येत नसेल." तर हे पत्र त्यासाठी. आईतर्फे तुझे आभार. रविवारी ये. ती तुझा हात हातात घेऊन सगळं सांगेल, तू कसा धावत आलास, वायर कशी ओढलीस. मध्येच खरं सांगून मोकळा होऊ नकोस. ती सोय मी तुला देणार नाही. शेवटपर्यंत ऐकून घे, आणि तिने विचारलं की घाबरला होतास का रे फार, तर हो म्हण.

तुझाच,
दादा