घुमटाला श्वास लागत नाही

२४ नोव्हेंबर, सोमवार

पुढचे चार दात गेले! ख्रिसमसचा स्टार लावायला स्टुलावर चढलो, स्टूल डगमगलं आणि तोंड सरळ खिडकीच्या कठड्यावर. सेसिलियाने आधी किंकाळी फोडली, मग स्टार फाटला का ते बघितलं. अशी बायको!

कळव्याचा डॉक्टर म्हणतो, "प्लेट बसवू, आरामात जेवाल. पण ट्रम्पेट विसरा." विसरा म्हणे! अरे, आमच्या गावठाणाच्या बँडचा पहिला ट्रम्पेट आहे मी. अख्ख्या ठाण्यात आमच्या लोकांचं एक लग्न माझ्याशिवाय लागलेलं नाही. (थोडं वाढवून लिहितोय. डायरी माझी आहे.)

आणि जानेवारीत पामेलाचं लग्न. माझ्या एकुलत्या एका पोरीचं! आदल्या संध्याकाळी उंबराचं पाणी – नवरीच्या आंघोळीचं पाणी विहिरीवरून वाजतगाजत आणायचं, पुढे बँड, मागे सगळं गाव. पामेला लहान असल्यापासून सांगत आलोय, तुझ्या पाण्याला मी असा वाजवीन की खाडीपलीकडे ऐकू जाईल. आज ती म्हणाली, "डॅडी, तू नाय वाजवलंस तर मी विहिरीवर जाणारच नाय." आणि रडायला लागली. मीही रडलो. तोंड सुजलेलं असताना रडणं फार वाईट.

१ डिसेंबर

प्लेट बसली. लगेच ट्रम्पेट फुंकून बघितला. प्लेट उडून कालवणात पडली.

५ डिसेंबर

प्रॅक्टिसला गेलो, नुसता बघायला. माझ्या खुर्चीवर ज्यूड! इतकी वर्षं माझ्या बाजूला बसून दुसरा ट्रम्पेट वाजवणारा ज्यूड. मला बघून उठायला लागला बिचारा. "बस रे," म्हणालो आणि निघून आलो. घरी येऊन विनाकारण पंख्यावर ओरडलो.

सेसिलियाने माळ्यावरून तिच्या आईचं घुमट उतरवलं. मातीचं मडकं, एका तोंडाला चामडं, दुसरं उघडं. म्हणाली, "याला दात नाय लागत."

मी आणि घुमट? बायका गातात त्यांच्यामागे ढबढब करणारं? न जेवता झोपलो.

७ डिसेंबर

सकाळी ती मासळीबाजारात गेली तेव्हा हळूच हात मारून बघितला. उजव्या बोटांनी चामड्यावर, डाव्या तळव्याने मागचं तोंड उघडायचं, झाकायचं. झाकलं की आवाज आत जातो, उघडलं की बाहेर येतो – आणि काय बाहेर येतो! शेजारची सान्वी जिन्यावरून ओरडली, "अंकल, काय भारी!"

भारी! मला म्हणाली!

१२ डिसेंबर

माझ्यात काहीतरी बिघाड आहे. ताल छान धरतो, आणि दर थोड्या वेळाने हात आपोआप थांबतो. सेसिलिया पोळ्या करताकरता ऐकत होती. लाटणं घेऊनच बाहेर आली.

"तू मधी मधी थांबतोस कशाला?"

"कुठे थांबतोय?"

"गाल फुगवून थांबतोस. श्वास घेतोस, टेरेन्स! घुमटाला श्वास लागत नाय!"

इतकी हसली की खालीच बसली. मला आधी राग आला, मग मीही हसलो, प्लेट हातात धरून. खरंच की! हात मडक्यावर, पण डोकं अजून ट्रम्पेट फुंकतंय. जन्मभर दम संपला की थांबलो, आणि मी थांबलो की सगळे थांबले. आता सगळे दम घेतील तेव्हा मला चालू राहायचंय. सोपं नाही हो! डोक्याला सांगून समजतं, पण गालांना कोण सांगणार?

१५ डिसेंबर

आज गाल फुगले नाहीत. एकदाच फुगले. दोनदा.

२८ डिसेंबर

आज घुमट घेऊन प्रॅक्टिसला! मागे, कोपऱ्यात बसलो. पुढे बसून कधी कोणाची पाठ दिसली नव्हती. आज सगळ्यांच्या दिसल्या. ज्यूडचे खांदे वरच्या सुरांच्या आधी कानाला लागतात! घाबरतो तो. मी कधी बघितलंच नव्हतं. बाजूला बसून त्याला फक्त शिव्या घालायचो. त्याचे खांदे वर गेले तसा मी ठेका जरा जाड केला. खांदे खाली आले, सूर लागला! ज्यूडने वळून बघितलं. मी छताकडे बघत बसलो.

पामेलाला काही सांगितलेलं नाही. सेसिलियालाही ताकीद दिली आहे. तिच्या पोटात राहील तर शपथ!

१० जानेवारी, शनिवार

आत्ताच आलो, अंगात अजून ठेका चालू आहे.

पामेला लाल लुगडं नेसून अंगणात उभी, तोंड एवढंसं. बँडमध्ये मला शोधत होती. मी घुमट विस्तवावर शेकून, चामडं ताणून, गळ्यात अडकवून मागून आलो. ती बघतच राहिली. "डॅडी? तू? हे?" "चल," म्हटलं, "पाणी आणायचंय."

विहिरीवरून येताना देवळाजवळचा चढ. घागरी भरलेल्या, बायकांना धाप लागलेली, गाणं तुटलं. ट्रम्पेटही थांबले. तिथे दर लग्नात वरात गप्प होते. मीच गप्प व्हायचो की! आज माझे गाल फुगायला लागले. आणि मी हात थांबू दिला नाही. एकटं घुमट, अख्ख्या चढावर! आधी म्हातारी लक्ष्मी शेजारीण टाळ्या वाजवायला लागली, मग सगळे. पामेलाने डोक्यावरची घागर आईकडे दिली, चपला काढल्या आणि चढावरच नाचायला लागली. जिला विहिरीवर यायचंच नव्हतं ती!

मी फार खूश आहे. दुसरं काही लिहिता येत नाही.

२७ जानेवारी

कळव्याचा डॉक्टर एक्स-रे बघून खूश! हाड मस्त भरलंय, स्क्रूचे पक्के दात बसतील, पावसाळ्यापर्यंत ट्रम्पेट पुन्हा पहिल्यासारखा. "बसवा," म्हटलं.

येताना ट्रम्पेट पेटीसकट ज्यूडला देऊन आलो. तो पेटीला हात लावेना. "अरे, दात येतायत ना तुझे?"

"चिंबोरीच्या नांग्या फोडायला," म्हणालो.