स्पूलवरचा अंगठा

प्रिय आबा,

उद्या संध्याकाळी तुमचा स्पूलचा टेप लावणार आहे, बहुतेक शेवटचा. तुम्हाला न विचारता त्याला हात लावायची आमच्यात कुणाची टाप नव्हती, म्हणून हे पत्र. उत्तर येणार नाही हे कळतं मला. पण दुसऱ्या कुणाला विचारू?

चूक माझी, ती आधी सांगते. तुम्ही गेल्यावर खोली आवरताना मशीन आणि आईच्या आवाजाचं ते एकुलतं एक स्पूल मी माळ्यावर टाकलं, थेट पत्र्याखाली. दौंडचा अख्खा उन्हाळा ते तिथं भाजलं. आता एकदा वाजवलं की टेपवरचा आवाज धरणारा तपकिरी थर सुटतो आणि मशीनच्या हेडवर बसतो. तुमच्यासारखंच स्पिरिटच्या कापसाने हेड पुसते, तर कापूस तपकिरी होतो. आबा, त्या कापसावर माझी आई असते! रेडिओ दुरुस्तीवाले म्हणाले, अजून एकदा धड वाजेल, पुढचा भरवसा नाही, कॅसेटवर उतरवून घ्या.

उतरवून घेतलंच असतं. अडलंय ते तुमच्या अंगठ्यावाचून.

बदली होऊन चाललेल्या रेल्वेच्या साहेबाकडून तुम्ही मशीन घेतलंत आणि पहिल्यांदा मिरवायला नेलंत ते सासुरवाडीला, राहूला! तिथं आईने जयंतीला म्हणायची ओवी म्हटली. नेमक्या त्याच वेळी शिवारातल्या उसाला पाणी द्यायच्या मोटारी चालू झाल्या, व्होल्टेज पडलं आणि मशीन मंद फिरलं. तिथंच परत लावलंत तेही तसंच मंद फिरलं, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. दौंडच्या क्वार्टरमध्ये पुऱ्या व्होल्टेजवर लावलंत, तर आई चिमणीसारखी चिवचिवायला लागली. पुन्हा रेकॉर्ड करू म्हणालात, पण त्याआधीच आई गेली. मी तेव्हा दोन वर्षांची होते.

मग तुम्ही डाव्या स्पूलवर हलका अंगठा टेकवायला लागलात. स्पूल जरा जड फिरायचं, आवाज खाली उतरायचा आणि तुम्ही म्हणायचात, "आता ऐक. ही तुझी आई." मी आईला ओळखते ती एवढीच, तुमच्या अंगठ्याखालची. पण किती दाबायचं ते कधी शिकवलं नाहीत. एकदा विचारलं तर म्हणालात, "हात नगं लावू, तुटंल." एवढा कसला हो जीव त्या टेपवर? एकदा माझं बोट धरून दाखवलं असतंत, तर काय बिघडलं असतं?

आता मी दाबते. जरा जास्त झालं की आई घोगरी होते, कमी झालं की चिमणी. मधली कुठली तरी माझी आहे, पण ती सापडत नाही. आणि शोधता शोधता टेप झिजतोय.

गेल्या आठवड्यात मावशीला बोलावलं. तिला तरी बहिणीचा आवाज आठवत असेल, अशी आशा. तिने थोडं ऐकलं आणि माझा हात बाजूला केला. "ऱ्हाऊ दे, अंगठा काढ. हीच माझी यमी." पदर तोंडाला लावून रडली बिचारी. मलाही क्षणभर वाटलं, सापडली. मग लक्षात आलं, मावशीला आठवत होती ती परकर नेसणारी यमी, माझी आई नव्हे. लग्नानंतरचा आवाज कसा होता, विचारलं. म्हणाली, "नांदायला गेली तवापास्नं ती तुमच्याकडंच. त्यो आवाज आबांनाच ठावं."

मी तिथंच बसून रडले. मशीन बंद करायचं भानच राहिलं नाही. ओवी संपली रे संपली की तुम्ही झटकन बटण दाबायचात, टेप वाचवायला असं आम्ही समजायचो. त्या दिवशी टेप पुढे फिरत राहिला. आई म्हणाली, "तुम्ही बी म्हणा की एखादी." आणि आबा, तुम्ही गायलात! पोरासारख्या बारीक आवाजात, आणि काय ते बेसूर! म्हणून बंद करायचात होय?

मावशी डोळे पुसत म्हणाली, ओवी रेकॉर्ड केली त्या सांजेला बल्ब पार लाल झाला होता, आणि मोटारी लागल्या की राहूतल्या तिच्या घरात तो अजूनही तसाच होतो. ते ऐकलं आणि माझं डोकं चालायला लागलं.

उद्या मशीन तिच्याच घरी नेतेय. मोटारी लागल्या, बल्ब लाल झाला, की टेप लावीन, म्हणजे मशीन त्या दिवसाइतकंच मंद फिरेल. कॅसेटचा रेकॉर्डर सेलवर चालवीन, म्हणजे तो मंद पडायचा नाही. पण व्होल्टेज तेव्हाइतकंच पडेल का? आणि टेप मध्येच तुटला तर? मग आईला मीच घालवलं असं होईल, आबा. दोन रात्री डोळ्याला डोळा नाही.

एक वचन देते. उद्या अंगठा टेकवणार नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवीन. ओवी चालू असताना ती खरी आई आहे की नाही, हे मला कळणार नाही. तशीच ऐकेन, बटणाला हात न लावता. मग तुम्ही गाल. तुमचा आवाज मी पंचवीस वर्षं ऐकलाय, तो मला फसवणार नाही. तो तुमचाच निघाला, तर आधी ऐकली ती आईच होती.

कितीही बेसूर गा, आबा. फक्त तुमच्या आवाजात गा.

उद्या तुमच्यासाठी कान लावून बसणारी,
तुमची शोभा